तळ्याच्या काठाने सगळे मिळून: ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांनी एकत्र चालायचं कसं

सगळे मिळून चालायला जाऊ या, असं घरोघरी दर जानेवारीत ठरतं. नाहीतर कुणाच्या तरी रक्ततपासणीचा रिपोर्ट आला की ठरतं. पहिल्या दिवशी पाचही जण खाली उतरतात. बाबा पुढे निघून जातात, आजी मागे पडतात, धाकटा कुत्र्याच्या पिलापाशी बसकण मारतो, आणि आई पुढच्यांना हाका मारत, मागच्यांकडे वळून बघत मधेच लटकते. तिचं चालणं होतच नाही. दोन आठवड्यांत बाबा एकटे जायला लागतात आणि बाकीचे घरी.

लोक याला आळस म्हणतात. मला ही भानगड वेगाची वाटते. सत्तरीतली बाई तासाला तीन किलोमीटरच्या आसपास चालते, चाळिशीतला धडधाकट माणूस भरभर चालला तर पाच-साडेपाच. सहा वर्षांचं पोर एका वेगाने चालतच नाही, ते धावतं, थांबतं, पुन्हा धावतं. सरळ रस्त्यावर दहा मिनिटांत आजी आणि बाबांमध्ये चारशे मीटरचं अंतर पडतं. मग कुणीतरी मन मारून हळू चालतं किंवा कुणीतरी धापा टाकत ओढलं जातं.

यावर एकच सोपा तोडगा आहे, तो म्हणजे गोल रस्ता. तळ्याभोवती फेऱ्या मारायच्या, ज्याचा त्याचा वेग ज्याला त्याला, आणि तरी सगळे एकमेकांच्या नजरेत. बाबांच्या तीन फेऱ्या होतील तेव्हा आजींची दीड होईल, पण निघणं एकत्र, परतणं एकत्र आणि मधे गाठभेट. ठाण्याला तळ्यांचं शहर म्हणतात, त्याचा इतका फुकटचा फायदा दुसरा नाही. नवी मुंबईही यात मागे नाही. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत उतरू शकत नाही, ते अडवून ठेवायला सिडकोने शहर वसवताना धारण तलाव बांधले. त्यांतल्या काहींच्या काठाने आता चालायची चांगली सोय आहे.

आधी जागा ठरवा

ठाण्यात पाचपाखाडीचं कचराळी तलाव या कामाला मला सगळ्यांत सरस वाटतं. महापालिका मुख्यालयाच्या जवळ आहे, चालण्यासाठी वेगळी वाट आहे, गाड्या आत येत नाहीत, बसायला बाकं आहेत. नाव ऐकून नाक मुरडू नका. पहाटे तिथे इतकी माणसं असतात की कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच, आणि आजी-आजोबांना घराबाहेर काढायला बहुतेकदा तेवढं कारण पुरतं.

मासुंदा म्हणजे आपली तलावपाळी. सकाळी सुरेख, पण शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तिथे चालायला जाऊ नये. भेळवाले, फुगेवाले, नौकाविहाराची रांग, लहान मुलांच्या गाड्या, या सगळ्यातून वाट काढण्यातच वेळ जातो. तेव्हा तिकडे जायचंच तर भेळ खायलाच जावं, चालण्याचं नाव करू नये. दिवाळी पहाटेला तर तलावपाळी आणि राम मारुती रोड तरुण पोरांनी इतके फुललेले असतात की पाऊल ठेवायला जागा नसते.

उपवन तलाव येऊरच्या पायथ्याशी आहे, हवा बरी, मुलं रमतात. तिथून वर येऊरला जायचा मोह होतो, तो रविवारच्या सकाळी जरूर पुरवा, पण उजाडल्यानंतर. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत. तिन्हीसांजेला किंवा पहाटेच्या काळोखात लहान मूल घेऊन तिकडे जाण्यात कसलंही शौर्य नाही. शिवाय चढ आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना येऊर चढताना नाही, उतरताना त्रास देतं. वागळे इस्टेटच्या बाजूला राहणाऱ्यांना रायलादेवी तलाव जवळ पडतं.

नवी मुंबईत नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई हे वरच्या वर्णनात चपखल बसतं: पाणी, भोवती वाट, बाहेर पाम बीच रोड. वाशीकरांना सेक्टर 10 चा मिनी सीशोर आणि सागर विहार, खारघरकरांना सेंट्रल पार्क. पाम बीच रोडच्या कडेने मात्र मुलांना घेऊन चालू नका, तिथे गाड्या कुठल्या वेगाने जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. खारघरच्या टेकड्या आणि पांडवकड्याचा परिसर पावसाळ्यात धोक्याचा. बहुतेक वर्षी पोलीस तिथे बंदी घालतात, आणि ती मोडून आत शिरण्याइतकं त्या धबधब्यात काही नाही.

जवळ तळंच नसेल तर सोसायटीच्या आवाराची फेरी चालते. कंटाळवाणी असते हे खरं, पण आजींसाठी तिच्यासारखी सुरक्षित वाट नाही. बाहेरच्या रस्त्यावर चालणं अटळ असेल आणि पदपथ नसेल किंवा असूनही त्यावर दुचाक्या लावलेल्या असतील, तर रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पाठीमागून येणाऱ्या रिक्षावर भरवसा ठेवण्यापेक्षा ते बरं.

जागा ठरली की फोनवर एकदा फेरीचं अंतर मोजा आणि घरातल्या फळ्यावर लिहून टाका. पुढे "आज किती चाललो" याचं उत्तर फेऱ्यांत देता येतं, दर पाच मिनिटांनी मनगटाकडे बघावं लागत नाही.

वेळ: रोजची वेगळी, रविवारची वेगळी

ठाण्यातला नोकरदार माणूस रात्री आठ-साडेआठला घरी पोचतो. त्याला "रोज पहाटे साडेपाचला सगळे उठू या" असं सांगणं म्हणजे योजना मोडायची तारीख आधीच ठरवणं. मुलांची शाळा सातची असेल तर सकाळ तशीही हातची गेलेली असते. म्हणून मी असं सुचवीन: सोमवार ते शुक्रवार रात्री जेवणानंतर वीस मिनिटं सोसायटीत किंवा जवळच्या गल्लीत सगळ्यांनी. शनिवारी-रविवारी सकाळी तळ्यावर पाऊण तास.

या दोन्हीचा हिशेब मात्र एकत्र करू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं. जेवणानंतरची रमतगमत शतपावली त्या 150 मध्ये धरता येत नाही. तिचं काम वेगळं आहे: जेवणानंतर रक्तात साखर चढत असते, चालताना पायाचे स्नायू ती वापरतात आणि चढ थोडा बोथट होतो. घरात मधुमेही असेल तर हीच शतपावली सगळ्यांत किमती. ती हळूच असावी. भरल्या पोटी भरभर चालू नये, हृदयविकार असलेल्यांनी तर नाहीच.

150 मिनिटांत धरायचं चालणं कसं ओळखायचं? चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणं म्हणायला गेलात तर दम तुटला पाहिजे. आजींच्या बाबतीत हा वेग तासाला तीन किलोमीटरचाही असेल, मुलीच्या बाबतीत सहाचा. ज्याचं त्याचं मध्यम वेगळं, म्हणून तर गोल रस्ता. सकाळच्या दोन दिवसांत ही 150 मिनिटं भरत नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यात स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी जाऊन बाकीची भरून काढावीत.

दहा हजार पावलांचं ओझं घेऊ नका. तो आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. घराच्या व्हॉट्सॲप गटावर पावलांचे स्क्रीनशॉट टाकायची चाल काही घरांत असते. सासऱ्यांची बारा हजार, सुनेची चार हजार. सून दिवसभर लोकलमध्ये उभी होती हे त्या चित्रात कुठे दिसत नाही. बंद करा तो प्रकार.

उजेडाचाही विचार करा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, जूनमध्ये सहाला. डिसेंबरात संध्याकाळी साडेसहालाच अंधार. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत चालून घरी या, दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापतं. हिवाळ्यात उलटं. थंडीच्या पहाटे धूळ आणि धूर जमिनीलगत अडकून राहतात, घोडबंदर रोडच्या बाजूला बांधकामांमुळे जास्तच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर हवेचा निर्देशांक 200 च्या वर दिसला तर दमेकरी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं घरातच राहू द्या, बाकीच्यांनी ऊन पडल्यावर निघावं.

फेरी बदलली की जोडी बदलायची

ही युक्ती या लेखातली माझी सगळ्यांत लाडकी. पाच जण एका ओळीत चालले की वाट अडते, आणि बोलतो एकच जण, बहुधा बाबा. त्याऐवजी जोड्या करा. पहिली फेरी आजी आणि नातू, आई आणि मुलगी, बाबा एकटे भरभर. फेरी संपली की ठरलेल्या बाकापाशी थांबायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, जोड्या फिरवायच्या. आता बाबा आणि मुलगी, सासू आणि सून. दोन-तीन आठवड्यांत घरातली प्रत्येक जोडी एकमेकांशी दहा मिनिटं बोललेली असते. हे घराच्या चार भिंतींत सहा महिन्यांत होत नाही.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत याचा विशेष उपयोग. समोरासमोर बसवून "काय चाललंय तुझं?" विचारलं की उत्तर मिळतं "काही नाही." शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, पाय आपले चाललेले असतात, मधले गप्प क्षण अवघड वाटत नाहीत. मुलं आपणहून बोलतात. फक्त एक पथ्य आहे आणि ते कडक पाळायचं: मार्क, क्लास, आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत लग्न, हे तीन विषय तळ्यावर काढायचे नाहीत. एकदा काढलेत की पुढच्या रविवारी मुलगी म्हणेल "मला झोपायचंय," आणि तिचं बरोबर असेल.

बाबांना एक फेरी एकट्याने भरभर मारू द्या, आईलाही. घरातल्या बायकांना "सगळ्यांबरोबर" म्हणजे "सगळ्यांच्या मागे" असा वाटा येतो. तिची एकटीची फेरी वेळापत्रकातच धरा, त्या फेरीत धाकटा दुसऱ्याच्या ताब्यात.

फोन एकच न्यायचा, मोठ्या माणसाकडे, आवाज चालू ठेवून.

लहान मुलांना चालवायचं कसं

"चल लवकर" म्हणून कुणी लवकर चालत नाही. त्याला काम द्या. फेऱ्या मोजायचं खातं त्याचं: खिशात दहा खडे, दर फेरीला एक बाकाखाली ठेवायचा. पक्षी बघायचे असतील तर तळ्यावर खंड्या, पाणकावळा आणि बगळा हे तिघे सहज दिसतात. पाणकावळा पाण्यातून बाहेर येऊन पंख पसरून बसतो. का बसतो ते मुलाला विचारा, आणि मग सांगा की त्याची पिसं पाणी शोषतात, म्हणून ती वाळवायला. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्या दिवसांत एखादी सकाळ चालण्याच्या हिशेबातून वजा करून नुसती पाहण्यात घालवली तरी चालेल.

झाडांचंही वेळापत्रक आहे: फेब्रुवारीत काटेसावर, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, दिवाळीच्या आसपास सप्तपर्णीचा डोकं उठवणारा वास. ताम्हण आपलं राज्यफूल आहे हे मुलांना शाळेत सांगतात, पण ते झाडावर कसं दिसतं ते मात्र चालतानाच कळतं.

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बाबागाडी घरी ठेवा. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर तिची चाकं अडतात आणि ती उचलून न्यायचं काम आईच्याच नशिबी येतं. मूल कडेवर बांधायची पट्टी बरी.

पायात काय घालायचं

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा बसतो तो बूट खरा मापाचा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. महागडे लागत नाहीत, पण टाच धरणारे आणि तळ न घसरणारे हवेत. चपलेत चालणाऱ्या आजींना बुटांवर आणणं हे या सगळ्या योजनेतलं सर्वांत चिवट काम. "मी काय शाळेत जातेय?" हे ऐकायची तयारी ठेवा.

आणि इथे एक बारीक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. म्हाताऱ्या माणसांना वाकता येत नाही म्हणून आपण हौसेने वेल्क्रोचे बूट आणतो. साडी नेसणाऱ्या बाईला ते घातक ठरू शकतात. वेल्क्रोची खरखरीत बाजू जरा उघडी राहिली की साडीचा फॉल तिला चिकटतो, पुढचं पाऊल टाकताना निऱ्या ओढल्या जातात आणि तोल जातो. साडीवर इलॅस्टिकची नाडी असलेले, नुसते पाय सरकवायचे बूट घ्या आणि साडी घोट्याच्या वर चार बोटं नेसायला सांगा. पंजाबी ड्रेसवर त्या तयार झाल्या तर प्रश्नच मिटला.

मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये, हिरवळीवरसुद्धा. घरी आल्यावर तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्याही. स्वतःला वाकून बघता येत नसेल तर नातवाला बघायला लावा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर खडा टोचलेला कळतही नाही आणि जखम चिघळते.

निघण्याआधी डॉक्टरांना कुणी विचारायचं

ज्यांना हृदयविकार आहे, छातीत कधी दुखलं आहे, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, चक्कर येते किंवा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालण्याची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी, कारण उपाशीपोटी चालून साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, माहीत हवीत. खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या. तीन चमचे पाण्यात घालून द्यायचं, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही.

छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळा दम लागणं, असं झालं तर तिथेच बसायचं. "घरी जाऊन बघू" म्हणायचं नाही. 108 ला फोन.

गुडघेदुखीवाल्यांना सपाट वाटेवर चालणं सहसा हितकारकच असतं. सुरुवातीला दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. चालून आल्यावर दोन तासांनीही दुखत असेल तर पुढच्या खेपेला अंतर कमी करा, बंद करू नका.

पहिले दोन महिने

पहिले दोन आठवडे फक्त उतरायची सवय. पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस, वेगाचं नावही नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रविवारची फेरी पंचवीस-तीस मिनिटांवर न्या. पाचव्यापासून मधली दहा मिनिटं प्रत्येकाने आपापल्या मानाने भरभर, आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं सावकाश. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वेळ तरी किंवा वेग तरी. पासष्टीच्या पुढच्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस बाकाला धरून एका पायावर उभं राहण्याचा सराव जोडा. चालण्याने तोल आपोआप सुधारेल असं धरून चालू नये.

रविवारी चालून झाल्यावर मिसळ खायची का, हा प्रश्न ठाण्यात येणारच, मामलेदारची प्रसिद्ध मिसळ इतकी जवळ असताना. माझं मत: महिन्यातून एकदा खुशाल. दर रविवारी खाल्लीत तर चालण्याचा हिशेब कितीही केलात तरी जुळायचा नाही. पण मुलांना उठवायला तिच्याइतकं प्रभावी आमिष नाही, हेही कबूल करायला हवं. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा हे दुसरं आमिष. डिसेंबरात सुरुवात केलीत तर पाडव्यापर्यंत सगळं घर कौपिनेश्वर मंदिरापासून यात्रेबरोबर न थकता चालू शकतं, आजींनी अर्ध्या वाटेत सामील व्हावं.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हीच खरी परीक्षा. बहुतेक घरांची योजना इथेच वाहून जाते. तुंबलेल्या पाण्यातून चालायचं नाही, गटाराची झाकणं उघडी असतात आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला चीर असताना त्या पाण्यातून जावंच लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि डॉक्टरांना सांगा. तळ्याकाठच्या फरशीवर शेवाळ धरतं, आजींनी त्या चार महिन्यांत तिकडे न गेलेलं बरं. सोसायटीचं खांबांवरचं पार्किंग, लांब व्हरांडा, नाहीतर मॉल उघडल्या उघडल्या तिथले मजले, दुकानं अजून शटर वर करत असतात तेव्हा. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरेच वाळतात.

भटक्या कुत्र्यांचं वर्षभर आहे. पळायचं नाही, मुलाला मधे घेऊन सावकाश बाजूने जायचं, हातात खाण्याची पिशवी ठेवायची नाही. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. हळद-तिखट लावायचं नाही.

खंड पडणारच. परीक्षा, पाहुणे, गणपती, कुणाचा तरी ताप. आठवडाभराचा खंड असेल तर जिथे थांबला होतात तिथून सुरू करा. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर निम्म्या वेळावर या आणि पंधरवड्यात पूर्ववत करा. सगळे मोकळे होतील तेव्हाच निघू, असं म्हणत थांबू नका. पाचांतले दोघे मोकळे असतील तर त्या दोघांनी जावं आणि बाकावर बसलेला फोटो गटावर टाकावा. पावलांचा आकडा नको, फोटो चालतो.